किनाऱ्यावर सायकलचे रंगीत भाग कसे टिकवावेत: लेपाची ओळख, निवड आणि निगा

लाल स्टेम (हँडलबार धरणारा भाग), निळे हब (चाकाचा मधला भाग) किंवा सोनेरी चेन घेताना आपण ‘हा रंग किती टिकेल’ एवढाच प्रश्न विचारतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. सतत घासले गेल्यास रंग किती लवकर झिजतो, दगडाचा किंवा पान्याचा टोला बसल्यास टवका उडतो का, आणि चरा पडून धातू उघडा झाल्यावर पुढे त्याचे काय होते. कोरड्या मुलखात पहिल्या दोन प्रश्नांवर भागते. कोकणात मात्र तिसरा प्रश्न बाकी दोघांहून महत्त्वाचा ठरतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतला ओलावा ओढून विरघळू लागते, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या वरच असते. त्यामुळे पुळणीवरून आलेली सायकल पडवीत कोरडी ठेवली, तरी तिच्यावरचे मीठ ओलेच राहते आणि प्रत्येक चऱ्यात उतरून काम करत राहते.

म्हणून या लेखात लेपाची कठीणता आणि त्याखालच्या धातूचे रक्षण यांचा विचार एकत्र केला आहे. अतिशय कठीण लेप किनाऱ्यावर अगदी निकामी ठरू शकतो आणि मऊ वाटणारा लेप पुष्कळ वर्षे काम देऊ शकतो.

पायरी पहिली: भागावर कोणता लेप आहे ते ओळखावे

आधी चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला तर खाली पोलाद आहे; चिकटला नाही तर बहुधा ॲल्युमिनियम, क्वचित टायटॅनियम किंवा चुंबकाला न ओढले जाणारे स्टेनलेस स्टील असते. नंतर भागाच्या कडा आणि कोरलेली अक्षरे निरखावीत. रंग किंवा पावडर कोटिंग (कोरडी पूड बसवून भाजलेला थर) असेल तर कडा किंचित गोलसर दिसतात आणि अक्षरांच्या खाचा थोड्या भरलेल्या वाटतात. ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवर वाढवलेला ऑक्साइडचा थर) असेल तर रंगाखालून यंत्रावर कापल्याच्या बारीक रेषा स्पष्ट दिसतात, कारण तो थर धातूवर बाहेरून चढवलेला नसून धातूच्याच पृष्ठभागापासून तयार झालेला असतो.

शंका उरली तर मल्टिमीटर उपयोगी पडतो. त्याची दोन टोके भागावर हलकेच टेकवावीत, टोचू नयेत. ॲनोडायझिंग, रंग आणि पावडर कोटिंग विजेला अडवतात, तर क्रोम, निकेल आणि चेनवरचा सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा लेप वीज वाहू देतात. जुना भाग विकत घेताना हीच परीक्षा दुसऱ्या कामाची आहे: ॲनोडाइज केलेल्या क्रँकवर (पेडल जोडलेल्या दांड्यावर) एखाद्या जागी वीज वाहत असेल, तर तिथला थर डोळ्यांना दिसो वा न दिसो, झिजून गेलेला आहे असे समजावे.

पायरी दुसरी: आपल्या सायकलवर काय आणि कुठे घासते ते पाहावे

बहुतेक ओरखडे अपघाताने पडत नाहीत, ते ठरलेल्या जागी पडतात. क्रँकच्या दांड्यावर बुटाची टाच घासते, फ्रेमच्या पुढच्या नळीवर ब्रेक-गियरच्या केबली घासतात, मागच्या आडव्या नळीवर चेन आपटते, सीटपोस्ट वर-खाली करताना क्लँपमधून खरवडला जातो, बाटलीच्या पिंजऱ्यात बाटली प्रत्येक खड्ड्यागणिक हलते आणि कॅरिअरच्या सळ्यांवर पिशव्यांचे आकडे वळवळतात. आठवडाभर वापरलेली, न धुतलेली सायकल उन्हात उभी करून पाहिली की धूळ नसलेले चकचकीत पट्टे या जागा आपोआप दाखवतात. त्यांवर खडूने खुणा करून ठेवाव्यात. पुढच्या सर्व पायऱ्यांत त्या उपयोगी पडतात.

घासणाऱ्या दोन वस्तूंच्या मध्ये काय अडकते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खनिजांच्या कठीणतेच्या मोहस मोजपट्टीवर नख सुमारे २.५, ॲल्युमिनियम त्याच्या किंचित वर आणि पुळणीतला गारगोटीचा कण ७ असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर काळसर वाळूचे जे थर दिसतात त्यांतील इल्मेनाइट ५ ते ६ च्या दरम्यान भरते. जांभ्याची लाल माती वेगळ्या रीतीने काम करते. तिच्यात लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात, आणि अत्यंत बारीक लोह-ऑक्साइड हे दागिन्यांना चकाकी देण्याचे जुने द्रव्य आहे. म्हणून बुटाला लागलेला लाल चिखल क्रँकवर ठळक चरे पाडत नाही, तो रंग हळूहळू घासून काढतो आणि झीज लक्षात येईपर्यंत खालचा रुपेरी धातू उघडा पडलेला असतो. वाळूमुळे चरा पडतो, लाल मातीमुळे झीज होते, आणि दोन्हींवर उपाय वेगळा आहे.

पायरी तिसरी: जागा पाहून लेप निवडावा

ॲल्युमिनियमच्या रंगीत भागांवर बहुधा ॲनोडायझिंगच असते, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर करायला हवा. भाग सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून त्यातून वीज सोडली की ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढतो; त्यातला काही भाग मूळ पृष्ठभागाच्या आत असतो, काही बाहेर. या थरात मधाच्या पोळ्यासारखी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग शोषला जातो आणि शेवटी जवळजवळ उकळत्या पाण्यात भाग ठेवून छिद्रांची तोंडे बंद केली जातात. असा थर सोलून निघत नाही आणि त्याचे पोपडे धरत नाहीत, हा त्याचा किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा गुण आहे. चरा पडला तरी गंज चऱ्याच्या दोन्ही बाजूंना थराखालून सहसा पसरत नाही.

मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. रंगीत सजावटीचे ॲनोडायझिंग साधारण ५ ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असते, तर कठीण ॲनोडायझिंगचा थर ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. कठीण थर मुळातच करडा किंवा तपकिरी असतो आणि त्यावर काळ्यासारखे गडद रंगच नीट बसतात. यावरून एक सोपा ठोकताळा मिळतो: भाग जितका झगझगीत लाल, निळा, जांभळा, तितका त्यावरचा थर पातळ असण्याची शक्यता जास्त. ‘नीलमण्याइतका कठीण’ अशी जाहिरात वाचनात आली तर तिच्यावर विसंबू नये. नीलमणी आणि हा थर रासायनिकदृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच असले, तरी इथला थर छिद्रमय आणि स्फटिकरहित असतो, त्यामुळे तो बराच मऊ भरतो; गारगोटीची वाळू साध्या आणि कठीण अशा दोन्ही थरांना ओरखडू शकते. शिवाय सेंद्रिय रंगद्रव्ये उन्हाने विटतात, आणि लाल, गुलाबी, जांभळ्या छटा काळ्याच्या मानाने लवकर उतरतात. माझा सल्ला असा की हब, स्टेम, हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या) चकत्या, सीटपोस्टचा क्लँप अशा न घासल्या जाणाऱ्या जागी हवा तो रंग घ्यावा आणि क्रँक, पेडल, सीटपोस्ट या जागी काळा किंवा रुपेरी भाग घ्यावा. रुपेरी भागावरचा चरा दिसत नाही, हे कारण वरवरचे वाटले तरी रोज वापरणाऱ्याला ते पटते.

रिम ब्रेक असलेल्या सायकलसाठी पूर्ण रंगीत रिम घेऊ नये. ब्रेकची रबरे ज्या पट्ट्यावर दाबली जातात, तिथला साधा रंगीत थर थोड्याच दिवसांत झिजून जातो, आणि तोवर ब्रेकची पकडही एकसारखी राहत नाही. बाकी रिम रंगीत आणि ब्रेकचा पट्टा यंत्राने घासून उघडा ठेवलेला, अशी रचना योग्य. चेनरिंगच्या दातांवरचा रंग पहिल्या काही फेऱ्यांतच जाणार, त्याला इलाज नाही. चाकाच्या तारा रिमला ताणून धरणाऱ्या छोट्या रंगीत निपलांविषयी मात्र ठाम सांगतो की किनाऱ्यावर ती घेऊच नयेत. ती ॲल्युमिनियमची असतात, तारा स्टेनलेसच्या असतात, आणि दोघांमध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच निपलाचे डोके तुटू शकते. निकेल चढवलेली पितळी निपले जड असली तरी ती विश्वासाची.

पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड असतो. विद्युतभारित कोरडी पूड भागावर बसवून ती १८० ते २०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली जाते. किरकोळ घासणे आणि टोले तो चांगला सोसतो, म्हणून पोलादी फ्रेम, कॅरिअर आणि स्टँड यांसाठी मी त्याला पहिली पसंती देतो. पण टवका उडून धातू एकदा उघडा पडला, की खारे पाणी थराखाली शिरते आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या रंगाखाली गंज पसरत जातो. काम करून घेताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: जुना रंग काढल्यानंतर फॉस्फेटची प्रक्रिया करतात का, खाली इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमरचा थर देतात का, आणि वरची पूड पॉलिस्टरची आहे का. नुसती इपॉक्सी पूड उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते, त्यामुळे वरच्या थरासाठी ती चालत नाही. बेअरिंगच्या बैठकी, आटे आणि डिस्क ब्रेक बसण्याच्या जागा झाकूनच पूड मारायला सांगावे. कार्बनचे भाग भट्टीत कधीही घालू नयेत. ॲल्युमिनियमचे हँडलबार आणि स्टेम यांना भट्टीत नव्याने पावडर कोटिंग करण्याचा मोहही टाळावा, कारण त्यांचे बळ उष्णतेच्या ठरलेल्या प्रक्रियेतून आलेले असते आणि त्यांवरच आपला जीव अवलंबून असतो.

ओला रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर दिसायला सर्वांत देखणा, पण ओरखड्याला त्या मानाने दुबळा. त्याची भरपाई अशी की तो घरी दुरुस्त करता येतो. ॲल्युमिनियमवरचा रंग मात्र खाऱ्या दमट हवेत आणखी एका रीतीने बिघडतो: लहानशा टवक्यापासून रंगाखाली दोऱ्यासारख्या वळणावळणाच्या रेषा पुढे सरकत जातात. हा तंतुमय गंज होय. अशी रेषा दिसली की वरून रंग लावणे व्यर्थ आहे. रेषेच्या टोकापलीकडेपर्यंत रंग खरवडूनच काढावा लागतो.

चेन आणि कॅसेटवर (मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर) जो सोनेरी लेप असतो तो बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा, निर्वात पोकळीत चढवलेला, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा असतो. तो गारगोटीहूनही कठीण असल्याने वाळूचे कण त्याला सहजी ओरखडत नाहीत. पण इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि खालचे पोलाद त्या छिद्रांतून गंजते. लेपाची कठीणता आणि धातूचे रक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट दिसते. शिवाय चेन लांबते ती पिना आणि त्यांभोवतीचा भाग आतून झिजल्याने. बाहेरच्या पट्ट्या सोनेरी राहिल्या म्हणून चेन चांगली आहे असे समजू नये; ती मोजपट्टीने मोजूनच ठरवावे.

क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, खरे रक्षण त्याखालच्या निकेलच्या जाडीवर अवलंबून असते. स्वस्त क्रोमच्या हँडलबारवर एका पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात ते निकेल पातळ असल्यामुळे. टायटॅनियमच्या बोल्टांवरचे इंद्रधनुषी रंग हे रंगद्रव्य नसून अतिपातळ ऑक्साइड थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा परिणाम आहेत. ते उन्हाने विटत नाहीत, पण ॲलन की दोन-चार वेळा फिरवली की जातात. टायटॅनियम समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही, त्यामुळे तिथला ओरखडा फक्त दिसण्याचा प्रश्न राहतो.

पायरी चौथी: घेण्यापूर्वीची परीक्षा

दुकानातल्या नव्या भागावर चरे पाडून पाहता येत नाहीत, पण विक्रेत्याला थराची जाडी मायक्रॉनमध्ये आणि मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तास विचारता येतात. त्या चाचणीत ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा ३५ अंश तापमानाला सतत मारला जातो. त्यातले तास म्हणजे कोकणातले दिवस नव्हेत. दोन भागांची आपापसांत तुलना करण्यापुरताच त्यांचा उपयोग. पावडर कोटिंग करणाऱ्याकडून त्याच तुकडीत रंगवलेला एक पत्र्याचा तुकडा मागून घ्यावा. त्यावर धारदार पात्याने धातूपर्यंत पोचतील अशा आडव्या-उभ्या समांतर रेघा मारून चौकड्या पाडाव्यात, वर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि झटकन ओढावी. चौकड्यांचे तुकडे पट्टीबरोबर आले तर खालची तयारी कच्ची आहे आणि असे काम किनाऱ्यावर टिकणार नाही. उरलेल्या तुकड्यावर एक चरा पाडून तो महिनाभर मिठाच्या पाण्याने ओला करत राहावे. गंज चऱ्यापासून किती दूर सरकला हे पाहून आपल्याला हवे ते उत्तर बरेचसे मिळते.

पायरी पाचवी: बसवताना

पारदर्शक पॉलियुरेथेनची संरक्षक फिल्म पहिल्या फेरीपूर्वीच, खडूने खुणा केलेल्या सर्व जागी लावावी: क्रँकचे दांडे, केबलींखालच्या नळ्या, चेनखालची नळी. लावण्यापूर्वी जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी, कारण फिल्मखाली राहिलेला वाळूचा एक कणही आतून घासत राहतो. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळण्याची पद्धत कोरड्या दिवसांत ठीक आहे, पण पावसाळ्यात तो खारे पाणी धरून ठेवतो, म्हणून मे अखेरीस काढून टाकावा.

सीटपोस्ट हलवताना क्लँप पूर्ण सैल करावा, नळीचे तोंड आतून पुसावे आणि पोस्ट पिळत न नेता सरळ वर-खाली करावा. धातूच्या पोस्टला ग्रीस लावावे. कार्बनला ग्रीस न लावता त्यासाठीची खास पेस्ट वापरावी. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक स्टेनलेस बोल्टच्या आट्यांना ग्रीस हवेच. त्यात तांब्याची पूड असलेले ग्रीस टाळावे, कारण खारट ओलाव्यात तांबे ॲल्युमिनियमला कुरतडते.

याच कारणासाठी आणखी एक सूचना, जी कोकणाबाहेरच्या कोणाला सुचणार नाही. पावसाळ्यात सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. मोरचूदात तांबे असते, चुना अल्कधर्मी असतो, आणि ॲनोडायझिंगचे या दोघांशीही पटत नाही. फवारणीच्या दिवसांत सायकल वाडीत उभी करू नये. थेंब पडलेच तर वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवावेत.

सायकल फेरीबोटीतून किंवा गाडीच्या टपावरून नेताना सुंभाने बांधण्याची सवय सोडावी. काथ्याच्या तंतूंत वाळू आणि मीठ अडकून राहते, आणि दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ ओलांडताना इंजिनाच्या कंपनांनी तो दोर भागावर घासत राहतो. रुंद कापडी पट्टा आणि त्याखाली जुन्या सुती कापडाची घडी पुरेशी होते.

पायरी सहावी: धुणे

पुळणीवरून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्वांत हानिकारक कृती आहे; त्यात आपण स्वतःच्या हाताने गारगोटीचे कण रंगावर फिरवत असतो. आधी गोड्या पाण्याची हलकी धार सोडून वाळू वाहून जाऊ द्यावी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा पाण्याने धुतल्यास मीठ कमी होण्याऐवजी नवे बसते, म्हणून तेव्हा नळाचे किंवा साठवलेले गोडे पाणी वापरावे. दाबाच्या पंपाची धार बेअरिंगकडे कधीही रोखू नये. नंतर सौम्य साबणाचे पाणी, मऊ स्पंज, पुन्हा पाणी, आणि मऊ कापडाने टिपून घेणे, असा क्रम ठेवावा. नारळाची शेंडी किंवा राख भांड्यांपुरतीच ठेवावी.

चेनचे तेल काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याचे कढत पाणी वापरणारे पुष्कळ आहेत. चेनचे त्याने फारसे बिघडत नाही, पण तेच पाणी ॲनोडाइज केलेल्या चेनरिंगवर आणि क्रँकवर ओघळले की थर विरघळू लागतो, रंग फिका, चट्टेदार होतो आणि तो पुन्हा आणता येत नाही. तीव्र अल्कली आणि लिंबू-कोकमासारखी आंबट द्रव्ये दोन्ही दूर ठेवावीत. चेन धुवायचीच तर काढून वेगळ्या भांड्यात, रॉकेलमध्ये धुवावी.

कोरड्या भागांवर महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, मोटारीचे मेण चोळावे. ब्रेकची डिस्क, ब्रेकची रबरे आणि रिमचा ब्रेकपट्टा यांना मेण किंवा तेल लागता कामा नये. लागल्यास ब्रेक धरत नाहीत.

पायरी सातवी: चरा पडल्यावर

पोलादावरचा चरा त्याच दिवशी बंद करावा. कामाला वेळ नसेल तर जागा गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब लावला तरी तात्पुरते रक्षण होते. पक्क्या दुरुस्तीसाठी गंज आणि सैल झालेल्या रंगाच्या कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढाव्यात, स्पिरिटने पुसावे, प्रायमर लावावा आणि रंगाचे दोन-तीन पातळ थर प्रत्येक वेळी सुकू देऊन द्यावेत. हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करणे उत्तम. जुलैतल्या दमट हवेत रंगाखाली ओल अडकते. क्रोमवरचे गंजाचे ठिपके पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाने हलके चोळले असता निघतात, त्यानंतर लगेच मेण लावावे.

ॲनोडायझिंगवरच्या चऱ्यात रंग भरून दिसणे सुधारते, मूळ थर मात्र परत येत नाही. चरा खोल नसेल आणि पांढरी पूड दिसत नसेल, तर मेण लावून तो तसाच ठेवण्यात काही धोका नाही. पांढरी पूड दिसल्यास मऊ ब्रशने काढून, धुऊन, सुकवून वर पारदर्शक लाखेचा थर द्यावा. हँडलबार, स्टेम, सीटपोस्ट आणि क्रँक यांवरच्या चऱ्याकडे मात्र रंगाचा प्रश्न म्हणून पाहू नये: नख अडकेल इतका खोल, विशेषतः क्लँपच्या कडेला आडवा चरा असेल, तर तिथून तडा जाऊ शकतो आणि तो भाग बदलावा.

भाग नव्याने ॲनोडाइज करून देणारे कारखाने आहेत, पण त्याआधी जुना थर कॉस्टिकच्या द्रावणात काढला जातो आणि त्याबरोबर थोडा धातूही जातो. बाटलीचा पिंजरा, चेनरिंगचा संरक्षक गोल, मोकळ्या चकत्या यांसाठी हे चालते. हबमधल्या बेअरिंगच्या बैठकी, सीटपोस्ट, आटे असलेले भाग यांची मापे सुटतात, म्हणून ते या कामाला देऊ नयेत. देण्यापूर्वी पोलादी बोल्ट, बुश आणि इतर धातूचे सर्व तुकडे काढून घ्यावेत, कारण ते त्या आम्लात टिकत नाहीत.